पायरोग्राफी: लाकडावर जाळून चित्र काढताना सुरुवात कुठून, नक्षी उतरवायची कशी?

शमी | शनिवार, सकाळी १०:१२

कोयरीच्या पोळपाटाचा फोटो टाकल्यापासून व्यनिमध्ये (वैयक्तिक निरोपात) तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून वेगळा धागाच काढते. तापलेल्या टोकाने लाकूड जाळून त्यावर चित्र काढायचं, म्हणजे पायरोग्राफी. यात रंग नाही, ब्रश नाही आणि खोडायची सोय जवळजवळ नाहीच. त्यामुळे निम्मं काम पेन तापायच्या आधी होतं. पेन कुठलं घ्यावं यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. लाकूड तयार करणं आणि चित्र त्यावर उतरवणं मात्र सगळे दोन वाक्यांत आटपतात, म्हणून मी त्यावरच जास्त लिहिणार आहे.

तरी पेनबद्दल थोडक्यात. एक जात सोल्डरिंग आयर्नसारखी (डाख देऊन तारा जोडायचं तापतं हत्यार). पुढे पितळी टोक आट्यांवर बसतं, तापायला काही मिनिटं लागतात, टोक बदलायचं तर गार होईपर्यंत थांबायचं. पकडीने घाईत पिळलं की आटे गेलेच समजा. अशी पेटी टोकांसकट हजार-दीड हजाराच्या आत मिळते. दुसरी जात वायर-टिप. तिचं टोक म्हणजे निक्रोमच्या तारेचा वाकवलेला तुकडा, सोबत उष्णता कमीजास्त करायचा डबा. काही सेकंदांत तापते, पेन हातात हलकं राहतं, पण महाग. शिकताना पहिली जात पुरे.

आता लाकूड. दुकानातून आणलेली फळी हाताला गुळगुळीत लागली तरी पेनच्या टोकाला ती खडबडीतच असते. पॉलिश पेपर १२० नंबरपासून सुरू करा, मग २२०, मग ४००, नेहमी रेषांच्या दिशेने. त्यानंतर ओल्या फडक्याने फळी एकदा पुसायची आणि वाळू द्यायची. पाण्याने दबलेले तंतू उभे राहतात, वाळल्यावर पृष्ठभाग पुन्हा खरखरीत होतो. तेव्हा ४०० चा हलका हात पुन्हा फिरवा. ही पायरी गाळली तर बारीक रेघ मध्येच अडखळते आणि आपल्याला वाटतं, आपलाच हात थरथरतोय.

चित्र उतरवायचे मार्ग, मी ज्या क्रमाने वापरते त्या क्रमाने:

सर्वात साधा म्हणजे पेन्सिलचा. कागदावर चित्र काढा किंवा छापून आणा, कागदाच्या मागे ६बी पेन्सिल आडवी धरून घासा, जादाची पूड झटका, कागद फळीवर चिकटपट्टीने वरून फक्त एका कडेला चिकटवा आणि कोरड्या बॉलपेनने गिरवा. एकाच कडेला चिकटवायचं कारण, मधूनमधून कागद उचलून काय उमटलंय ते बघता येतं आणि परत ठेवला की जागेवरच बसतो. ग्राफाइटचा तयार ट्रेसिंग पेपरही मिळतो, काम तेच.

ऑफिसातला निळा कार्बन पेपर वापरू नका. त्यात मेण आणि शाई असते, लाकडात मुरते, खोडरबराने फक्त पसरते. जाळल्यावर रेघेच्या दोन्ही बाजूंना निळसर सावली राहते ती राहतेच.

दुसरा मार्ग उलट्या झेरॉक्सचा. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्सची प्रत, चित्र आरशातलं, छापलेली बाजू लाकडावर, वरून कडक गरम इस्त्री, वाफ बंद. इस्त्री सरकवायची नाही, दाबून धरायची. टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, ती वितळून लाकडाला चिकटते. इंकजेटच्या प्रतीवर हे होत नाही. अक्षरं आणि बारीक भौमितिक नक्षीला उत्तम. चेहरा, पक्षी, जिथे छायेचं काम आहे तिथे नको, कारण टोनर खोडता येत नाही आणि फिक्या छटेतून काळी रेघ डोकावत राहते.

एकच नियम सांभाळा: छाप ही जाळायच्या रेघेपेक्षा फिकी आणि बारीक हवी. पेन त्या रेघेवरून गेल्यावर तिचा मागमूस राहायला नको. जाळायला सुरुवात करण्याआधी पांढऱ्या खोडरबराने अख्खी छाप हलकी टिपून घ्या. गुलाबी रबर नको, त्याचा रंग लाकडाला लागतो.

विचारा काय विचारायचं ते.

टाकाऊपंत | शनिवार, सकाळी १०:४०

पहिला! वाचनखूण साठवली आहे. घरात सोल्डरिंग आयर्न पडून आहे, बायकोचं लाटणंही आहे. आज रात्री जेवायला मिळालं नाही तर धागाकर्ती जबाबदार.

चिऊची आई | शनिवार, सकाळी ११:०५

मस्त लिहिलंयस शमी. दोन शंका. माझं चित्रकलेचं शिक्षण एलिमेंटरीच्या परीक्षेला थांबलं, तीही सी ग्रेड. चित्र येत नसेल तर जमेल का? आणि मुलगी नऊ वर्षांची आहे, तिलाही करायचंय.

शमी | शनिवार, सकाळी ११:३१

@चिऊची आई, जमेल. ठिपक्यांच्या रांगोळीने सुरुवात कर. पट्टीने पेन्सिलचे ठिपके मांड, प्रत्येक ठिपका पेन टेकवून जाळ, मग जोड. यात दोन गोष्टी आपोआप शिकून होतात. ठिपका जाळताना कळतं की टोक किती वेळ टेकलं तर किती काळं होतं. आणि दोन ठिपके जोडणारी रेघ कुठे थांबवायची हे ठरलेलं असतं, त्यामुळे शेवटी डाग पडला तरी तो ठिपक्यात जिरतो. नवशिक्याच्या कामात रेघेच्या दोन्ही टोकांना काळे गोळे दिसतात ना, ते पेन आधी टेकवून मग हलवल्यामुळे. हात आधी चालता करायचा, चालता असतानाच टोक टेकवायचं आणि चालता असतानाच उचलायचं.

नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात पेन देऊ नकोस. बॉलपेनवर बोटं जिथे असतात त्याच्या थोडंसंच पुढे चारशे-पाचशे अंशांचं धातू असतं. तिला भिंग दे. गच्चीत, दुपारच्या उन्हात, गडद गॉगल घालून, तू शेजारी बसून. भिंगाने जळलेली रेघ जाड येते, पण तिला आवडेल. तो प्रखर ठिपका टक लावून बघायचा नाही आणि पाण्याचं तांब्याभांडं जवळ ठेवायचं.

रंधा | शनिवार, दुपारी १२:५०

बरा केलंस गो, धागो काढलंस तो.

लाकडाबद्दल मी लिहितो, जन्म त्यातच गेला. परदेशी व्हिडिओत सगळे बासवुड, बर्च, मेपल म्हणतात. ते आपल्याकडे शोधत फिरू नका. त्या लाकडात त्यांना काय आवडतं ते बघा: रंग फिका, रेषा दबलेल्या, चीक किंवा तेल नाही, फार कठीण नाही. हे गुण आपल्या लाकडांतही आहेत.

शिवण माझ्या मते पहिल्या नंबरवर. फिकट पिवळसर, एकसारखी, रंध्यालाही गोड आणि तापल्या टोकालाही. हेदू, ज्याला काही जण हळदू म्हणतात, ते थोडं कठीण पण बारीक पोताचं, बारीक नक्षीला फार चांगलं. काळा कुडा जवळजवळ हस्तिदंती पांढरा. कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी त्याचीच करतात. मोठी फळी मिळणार नाही, लहान गोल वस्तू मिळतील. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी, फळं पूर्वी पांगाऱ्याची व्हायची. पांगारा रंगवायला उत्तम, पण जाळायला फार मऊ. टोक रुततं आणि रेघ फुटते. सावरीचं तसंच.

सागवानाचा मोह सगळ्यांना होतो. मूळ रंगच गडद, त्यात तेल, धूर जास्त, टोकावर काजळी लवकर चढते. शिवाय सागाच्या वर्तुळांमध्ये मोठी छिद्रं असतात, बारीक टोक त्यात अडकतं. ठळक अक्षरांची पाटी सागावर शोभते, चेहरा काढू नका. शिसमावर तर काळ्यावर काळं.

पाईनच्या फळ्या स्वस्त म्हणून आणाल. त्यात एक पट्टा मऊ, एक कडक. मऊ पट्ट्यात टोक बुडतं, कडक पट्ट्यावरून घसरतं, एका रेघेत चार वेळा जाडी बदलते. शिवाय राळ. सरावाला हरकत नाही, उलट पाईनवर हात बसला की शिवणीवर पेन आपोआप चालतं.

आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या घरात असतील तर खिळे काढून, घासून सरावाला घ्या. आता पेट्या पुठ्ठ्याच्या झाल्या, पण आमच्याकडे माळ्यावर अजून असतात.

आणि लाकूड वाळलेलं हवं. पावसाळ्यात आमच्याकडे फळी नुसती ठेवली तरी दमट होते. अशा फळीवर पेन जास्त तापवावं लागतं आणि तरी रेघ फिकीच येते. श्रावणात काम करायचं असेल तर फळी आधी काही दिवस स्वयंपाकघरात चुलीपासून लांब पण उबेला ठेवा. उन्हात टाकाल तर वाकेल.

अनुप्रास | शनिवार, दुपारी १:२२

रंधाकाकांचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी (शमी, राग मानू नये). इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणून माझे चार आणे.

टाकाऊपंत, तुमचं पडून असलेलं सोल्डरिंग आयर्न सोल्डरिंगला वापरलेलं असेल तर त्याच्या बिटवर (तापणाऱ्या टोकावर) शिसं आहे. ते लाटण्यावर वापरू नका, जेवण त्याहूनही महाग पडेल. पायरोग्राफीसाठी वेगळं २५ किंवा ३० वॅटचं आयर्न घ्या. साधं तांब्याचं बिट कानशीने हव्या त्या आकाराचं घासता येतं: एकाला सुरीसारखी धार, एकाला गोल टोक, एक चपटं. चकचकीत लोखंडी मुलाम्याचं बिट घासू नका, मुलामा गेला की आतलं तांबं भराभर झिजायला लागतं.

उष्णता कमी करण्यासाठी साध्या आयर्नला दिव्याचा डिमर चालतो, पण तो पेटीत बंद करून, इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. उघडे वायर टेबलावर नकोत. डिजिटल तापमानवाल्या स्टेशनला डिमर लावू नका, त्याचं सर्किट जाईल. पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं.

काजळी चढली की टोक लाकूड जाळत नाही, खरवडतं. पितळी तारांचा लहान ब्रश ठेवा आणि काम करताना मधूनमधून टोक पुसा. पॉलिश पेपरने घासलंत तर टोकावर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत काजळी आणखी लवकर बसते.

सातासमुद्रापार | शनिवार, संध्याकाळी ६:१५

इथे न्यू जर्सीत बासवुडच्या साल असलेल्या चकत्या क्राफ्टच्या दुकानात सहज मिळतात, त्यामुळे माझी सुरुवात त्यावरच झाली. भारतातल्या मंडळींना एकच सूचना. नातेवाइकांकडून इथलं मशीन मागवणार असाल तर आधी मागचं लेबल वाचायला सांगा. बरीच मशीन फक्त १२० व्होल्टची असतात. आपल्याकडच्या २३० वर थेट लावलं की एकदाच चालेल. नंतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेत बसण्यापेक्षा तिकडेच घेतलेलं बरं.

बाकी शमीचा खोडरबराचा मुद्दा अगदी पटला. ग्राफाइटची गडद रेघ तशीच ठेवून वरून फिकी छटा दिली की ती रेघ नंतर रबराला दाद देत नाही.

बोरू | शनिवार, रात्री ९:४८

सुलेखन करतो, त्यामुळे माझा प्रश्न फक्त देवनागरीचा. घराच्या पाट्या करायच्या आहेत. उलटी झेरॉक्स ठीक, पण शिरोरेखा नेहमी बिघडते. पट्टी लावून ओढली तरी वाकडी.

शमी | शनिवार, रात्री १०:३०

@बोरू, पट्टी स्टीलची असेल तर पहिली अडचण तीच. स्टील टोकाची उष्णता ओढून घेतं. रेघ सुरुवातीला गडद, पुढे फिकी. पट्टी फक्त पेन्सिलला वापरा.

दुसरं, पाटीवर लाकडाच्या रेषा साधारण आडव्या असतात, आणि शिरोरेखाही आडवी. टोकाला लाकडाची आडवी रेषा सापडली की ते तिच्याच मागे जातं, तुमच्या पेन्सिलच्या रेघेमागे जात नाही. उभा काना ओढताना उलट होतं, टोक प्रत्येक रेषेवर ठेचकाळतं. म्हणून दोन्हींचे उपाय वेगळे.

शिरोरेखेसाठी सुरीच्या आकाराचं टोक घ्या आणि आधी वरची कड व खालची कड अशा दोन बारीक फटी जाळून घ्या. सावकाश, खांद्यातून हात हलवत, मनगट न वळवता. मग मधला भाग चपट्या टोकाने भरा. टोक आता त्या दोन फटींच्या बाहेर जात नाही. कान्यासाठी फळी फिरवून घ्या, म्हणजे रेघ नेहमी स्वतःकडे ओढली जाईल, आणि वेग शिरोरेखेपेक्षा थोडा कमी ठेवा. अक्षरं आधी, शिरोरेखा सगळ्यात शेवटी. कान्याच्या वरच्या टोकाला पडलेले डाग तिच्यात झाकले जातात.

आणि उलटी झेरॉक्स लाकडावर ठेवायच्या आधी आरशासमोर धरून वाचा. आरशात सरळ वाचता आलं तरच इस्त्री लावा. 'कमल' उलटं छापलं गेलं तर चटकन लक्षातही येत नाही.

बोरू | शनिवार, रात्री १०:५२

दोन फटींची युक्ती झकास आहे. मी तर बोरूच्या रुंदीचं टोक घेऊन एकाच दमात ओढायला बघत होतो.

रंधा | रविवार, सकाळी ७:२०

सुतारही तेच करतो. खाच मारायची तर आधी खतावणीने (रेघ आखायच्या हत्याराने) दोन्ही बाजूंना रेघ कापून घ्यायची, मग मधलं काढायचं. रेघ कापलेली असली की लाकूड फाटून बाहेर जात नाही.

निरुद्योगी | रविवार, सकाळी ९:०३

धागा छान. पण मला ते विजेसारख्या फांद्या फुटतात ना लाकडावर, ते करायचंय. मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून दोन टोकं लाकडाला लावायची. व्हिडिओत दहा मिनिटांत होतं. कोणी केलंय का?

अनुप्रास | रविवार, सकाळी ९:१९

करू नका. हे गंभीरपणे सांगतोय.

त्या ट्रान्सफॉर्मरमधून साधारण दोन हजार व्होल्ट येतात आणि सोबत माणूस मरायला पुरेसा प्रवाह. घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) यात तुम्हाला वाचवत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम, म्हणजे जास्त व्होल्टच्या बाजूचं सर्किट मेनपासून वेगळं असतं आणि गळती त्याला दिसतच नाही. वर लाकडावर मिठाचं किंवा सोड्याचं पाणी लावलेलं असतं, ते टेबलावर ओघळतं. यात माणसं गेली आहेत, चांगली अनुभवी माणसंही. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराची प्रात्यक्षिकं बंद केली आहेत. फांद्याच हव्या असतील तर पेनने हाताने काढा.

टाकाऊपंत | रविवार, सकाळी ९:३०

+१. निरुद्योगी, आयडी बदलून 'उद्योगी' करू नका कृपया.

निरुद्योगी | रविवार, सकाळी ९:४४

बरं बरं, रद्द. मग पेन न वापरता, छाप्याने वगैरे जाळायचा काही प्रकार नाही का? माझा हात खरंच चालत नाही.

शमी | रविवार, सकाळी १०:०८

आहे, आणि त्याचं सामान तुमच्या आजीच्या ओळखीचं आहे: नवसागर. कल्हईवाला भांडं तापवून त्यात टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा, तोच. त्याला अमोनियम क्लोराइड म्हणतात. नवसागर पाण्यात विरघळवून, थोडी खळ घालून घट्ट करायचा आणि स्टेन्सिलमधून स्पंजने लाकडावर लावायचा. वाळू द्यायचा. मग हीट गनने (कडक गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) शेक द्यायचा. जिथे नवसागर लागलाय तिथलं लाकूड आजूबाजूच्या लाकडाच्या आधी काळं पडतं.

दोन अडचणी. पाणी पातळ राहिलं तर ते लाकडाच्या रेषांमधून पसरतं आणि कडा फाटतात, म्हणून खळ. आणि तापल्यावर नवसागरातून अमोनिया आणि आम्लाची वाफ निघते, म्हणून हे काम गच्चीत किंवा अंगणातच. केसांचा ड्रायर पुरत नाही, हीट गनच लागते. रांगोळीचे छापे स्टेन्सिल म्हणून वापरता येतात, पण प्लास्टिकचे छापे शेक द्यायच्या आधी उचला.

चिऊची आई | रविवार, सकाळी १०:२५

नवसागर! आमच्या वाड्यात कल्हईवाला आला की आम्ही भोवती कोंडाळं करायचो, तो वास अजून नाकात आहे. किराणा दुकानात मिळेल का आता?

रंधा | रविवार, सकाळी ११:००

भांड्यांच्या जुन्या बाजारात किंवा वनौषधीच्या दुकानात विचारा.

पालघरकर | रविवार, दुपारी ३:४०

शमीताई, तुमच्या प्रोफाइलमध्ये वारली नक्षीचे कोस्टर दिसले. काम सुबक आहे, पण थोडं बोलतो.

वारली चित्र गेरूच्या लाल भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या पिठाने काढतात. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकृत्या. तुम्ही जाळून काढता तेव्हा ते उलटं होतं: फिक्या लाकडावर काळी माणसं. दोन त्रिकोणांचा देह तोच, पण नजरेला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. आमच्याकडच्या एका मुलाने पार्श्वभूमी जाळून आकृत्या लाकडाच्या मूळ रंगात सोडल्या होत्या. ते बघून आजी लगेच म्हणाली, हा आपला तारपा (फुंकून वाजवायचं आमचं वाद्य).

दुसरं, ही कला सामान्य 'डिझाइन' नाही. लग्नातला देवचौक सवासिणी काढतात, आत पालघट देवी असते. तो चौक चहाच्या कपाखाली जाऊ नये असं मला वाटतं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, तरी बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक 'वारली' वस्तूंचा पैसा डहाणू-तलासरीपर्यंत येत नाही.

शमी | रविवार, संध्याकाळी ५:१५

@पालघरकर, पार्श्वभूमी जाळण्याचा मुद्दा लगेच करून बघण्यासारखा आहे. मोठा भाग एकसारखा काळा करणं कंटाळवाणं आहे खरं, पण आकृतीची कड आधी सुरी-टोकाने कापून घेतली तर जमेल. देवचौक मी कधी काढलेला नाही आणि काढणारही नाही, बैलगाडी, माडी, झाडं एवढंच. विकण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ते कोस्टर मी भेट दिलेत, पण उद्या कोणी ऑर्डर दिली तर तुमच्याकडच्याच कुणाकडून चित्र काढून घेऊन, त्यांचं नाव मागे जाळून, पैसे वाटून घेणं हे सरळ.

टाकाऊपंत | रविवार, संध्याकाळी ५:४०

हल्ली गल्लीगल्लीत लेझर मशीन आहे. फाइल द्या, पाटी न्या. मग हा सगळा धूर कशासाठी, हा प्रश्न विचारून पळ काढतो.

बोरू | रविवार, संध्याकाळी ६:०५

लेझरची रेघ सगळीकडे सारखी खोल. अक्षराला जाड-बारीक फाइलमध्ये असतं तेवढंच. हाताने जाळलेल्या अक्षरात जिथे हात रेंगाळला तिथे रंग गडद होतो, जाडी तीच राहूनही. सुलेखनात शाईला जे जमतं ते इथे उष्णतेला जमतं. पन्नास पाट्या करायच्या असतील तर मात्र लेझरच, त्यात वाद नाही.

सातासमुद्रापार | रविवार, रात्री ८:३०

धुरावरून आठवलं, कोणीच बोललं नाही. टेबलावरचा पंखा तुमच्याकडे वारा येईल असा ठेवू नका आणि टोकावर वारा येईल असाही ठेवू नका, टोक गार होतं. पंखा फळीपलीकडे, पाठ तुमच्याकडे, धूर ओढून खिडकीबाहेर टाकेल असा. एन९५ मास्क काजळीचे कण अडवतो, वायू अडवत नाही.

एमडीएफ (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेली फळी) जाळू नका, त्यातल्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं. प्लायवुड चालतं, पण फक्त वरच्या थरात. खोल गेलात की गोंद लागतो, वासावरून लगेच कळतं. पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या) फळ्या फुकट मिळतात म्हणून आणाल, तर शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड दिलेलं, ते घरातही नको.

रंधा | रविवार, रात्री ९:१०

कोकणातल्यांसाठी जोड: बिब्ब्याचं आणि कण्हेराचं लाकूड जाळू नका. बिबा अंगावर उतला म्हणजे काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको, आणि धूर तर छातीत जातो.

चिऊची आई | सोमवार, दुपारी २:१२

ठिपक्यांची रांगोळी झाली! आइस्क्रीमच्या काड्यांवर सराव करून मग पोळपाटाच्या मागे काढली. शमी, आता वरून काय लावू? पोळपाट वापरायचा आहे, व्हॉर्निश नको.

शमी | सोमवार, दुपारी ३:०५

वा! फोटो टाक.

वरून औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. कोमट करून फडक्याने चोळ, रात्रभर मुरू दे, जादाचं पुसून घे. त्यात थोडं मधमाशीचं मेण वितळवून घातलंस तर जास्त टिकतं. गोडं तेल, तिळाचं तेल नको, खवट होतं. जवसाचं तेल घेतलंस तर पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस, पसरून उघड्यावर वाळव. चुरगळलेली राहिली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. आणि कुठलंही तेल किंवा पॉलिश लावल्यावर त्या लाकडावर पुन्हा पेन चालवायचं नाही. म्हणून आधी नीट बघून घे, कुठे ठिपका राहिलाय का. फिक्या जागा अजून गडद करायच्या असतील तर आत्ताच. घाई न करता दोन-तीन हलके हात दे. रंग नीट भाजलेल्या पोळीवरच्या डागाएवढा आला की थांब, वरून तेल लागल्यावर तो आणखी गडद दिसतो.

बोरू | सोमवार, संध्याकाळी ७:४४

आणि दाराबाहेरच्या पाटीला?

रंधा | सोमवार, रात्री ८:२०

ऊन थेट लागत असेल तर दोन-तीन वर्षांत लाकूड काळवंडतं आणि अक्षरं फिकी होतात, दोन्ही एकमेकांकडे सरकतात. उन्हाला टिकणारं बाहेरचं व्हॉर्निश तीन हात द्या, मागची बाजू आणि कडाही सोडू नका, पाणी तिथूनच शिरतं. तरी छज्जाखालची भिंत निवडा. अक्षरं जरा खोल जाळा, म्हणजे पुढेमागे पाटी घासून परत उजळता येते.

बोरू | सोमवार, रात्री ८:३६

धन्यवाद काका. शनिवारी टिंबर मार्केटला जातोय. शिवणीचा तुकडा मागितला तर देतात का, की सरळ फळीच घ्यावी लागते?

रंधा | सोमवार, रात्री ९:०२

वखारीत कटपीस मागा, ढिगाऱ्यातून स्वतः निवडा. सोबत ओलं फडकं आणि पॉलिश पेपरचा तुकडा न्या. एक कोपरा घासा, ओला करा. रंग किती गडद होतो आणि रेषा किती उठतात ते तिथेच दिसेल. टोकाकडची चीर नीट बघा, भेग आत किती गेलीय ते. आणि तुकडा हातात जड, गार लागला तर तो अजून ओला आहे, कितीही स्वस्त दिला तरी परत ठेवा.